जेऊरचें खग्रास सूर्यग्रहण



सह्याद्रीचा घाट ओलांडून पूर्वेकडे निघालें म्हणजे पावसाचें माप झपाट्यानें उतरत जातें. लोणावळ्यास जो पाऊस दीडशे इंचांहून अधिक कोसळतो, तोच शंभर मैलांच्या आंत, शिरूर आणि दौंड या तालुक्यांत, वीस इंचांच्या आसपास येऊन थांबतो. आणि कित्येक वर्षीं तितकाही पडत नाहीं. घोड आणि भीमा या नद्यांच्या कांठचा हा मुलूख पूर्वापार अवर्षणाचा म्हणून प्रसिद्ध आहे. येथील कुणबी मृगापासून हस्तापर्यंत आकाशाकडे पाहतो तो ढगाच्या आशेनें. उलट ज्योतिर्विदास निरभ्र आकाशासारखें दुसरें सुख नाहीं. ढगाचा एक तुकडा त्याच्या वर्षभराच्या तयारीवर पाणी फिरवूं शकतो. एकच आकाश, पण एकाचें भाग्य तें दुसऱ्याचें दुर्भाग्य ठरावें, असा हा प्रकार आहे. आज मी आपणांस अशा एका दिवसाची हकीकत सांगणार आहें, कीं ज्या दिवशीं या दोन्ही नजरा एकाच वेळीं वर वळल्या होत्या. तो दिवस म्हणजे शनिवार, २२ जानेवारी १८९८, शके १८१९ ची पौष अमावास्या.

त्या दिवशीं खग्रास सूर्यग्रहण झालें. चंद्राची गडद छाया अरबी समुद्रावरून येऊन विजयदुर्गाजवळ कोंकणच्या किनाऱ्यास लागली, सह्याद्रि चढून देशावर आली, आणि ईशान्येच्या रोखानें वऱ्हाड, नागपूर प्रांत व पुढें बक्सरकडे निघून गेली. छायेचा हा पट्टा दौंडच्या आग्नेयेकडून गेला. पुणें आणि शिरूर येथें सूर्य पुरता झांकला गेला नाहीं. तेथें मोठें खंडग्रास ग्रहण दिसलें. परंतु दौंडाहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सुमारें पन्नास मैलांवर, करमाळें तालुक्यांत, जेऊर नांवाचें एक लहानसें स्टेशन आहे, तें छायेच्या पट्ट्यांत बरोबर सांपडलें. त्यामुळें इतर वेळीं ज्याची कोणी विचारपूस केली नसती, त्या माळरानावर कॅलिफोर्निया, जपान आणि पुणें अशा तीन ठिकाणांहून विद्वान् मंडळी दुर्बिणी घेऊन येऊन उतरलीं. मुंबईहून येणाऱ्या पेट्या, भिंगें, आरसे आणि काचेच्या कांचपट्ट्या पुणें व दौंड या मार्गानेंच रेल्वेनें जेऊरास पोंचल्या.

ते दिवस कसे होते, हें ध्यानांत घेतल्यावांचून या हकीकतीचा अर्थ लागणार नाहीं. दौंड तेव्हां भीमथडी तालुक्यांत मोडत असे. याच तालुक्यांतील सुपें येथें १२ मे १८७५ रोजीं कर्जानें गांजलेल्या शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या व खतें जाळलीं, आणि तो वणवा शिरूर, इंदापूर, पुरंदर असा पसरत गेला. त्याच्या मागोमाग १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. वीस वर्षें लोटतात न लोटतात तों १८९६ सालीं पाऊस पुन्हां फिरला, आणि दुष्काळी कामांवर खडी फोडण्यासाठीं माणसांची रीघ लागली. त्याच हिंवाळ्यांत मुंबईची गांठीची सांथ पुण्यास आली. तिच्या बंदोबस्ताच्या निमित्तानें घरोघर जी झडती झाली, तिचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्रीं रँडसाहेबावरील गोळींत झाला. लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या आरोपावरून सप्टेंबरांत तुरुंगांत गेले. पुढील एप्रिलांत दामोदर हरि चापेकर फांसावर चढावयाचे होते. दुष्काळ नुकताच ओसरला होता, सांथ मात्र हटली नव्हती. अशा काळीं जेऊरच्या माळावर दुर्बिणी उभ्या राहिल्या.

जेऊरास आलेल्या मंडळींत आपल्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचे गृहस्थ म्हणजे प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगांववाला. हे पुण्याच्या सायन्स कॉलेजांत, म्हणजे पुढें एंजिनिअरिंग कॉलेज म्हणून नांवारूपास आलेल्या संस्थेंत, अध्यापक होते. भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनीं १८८२ सालीं पांच हजार रुपयांची देणगी दिली, मुंबई सरकारनें तितकीच भर घातली, आणि त्यांतून पुण्यास एक वेधशाळा उभी राहिली. तिच्यांत डब्लिनच्या ग्रब या कारागिराच्या कारखान्यांतील वीस इंची आरशाची परावर्तक दुर्बीण होती, आणि ती तेव्हां हिंदुस्थानांतील सर्वांत मोठी दुर्बीण मानली जाई. सूर्य आणि तारे यांच्या प्रकाशाचें पृथक्करण करून ते कोणत्या द्रव्यांचे बनले आहेत हें शोधणें, ही विद्या त्या काळीं युरोपांतही नवीनच होती. ती पुण्यांत आणण्याचें श्रेय नायगांववाला यांचें.

दुसरें गृहस्थ लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्बेल. चार्ल्स क्रॉकर नांवाच्या धनिकाच्या देणगीवर ते कॅलिफोर्नियाहून आले. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ याही मोहिमेंत होत्या. त्यांच्याजवळ चाळीस फूट लांबीचा कॅमेरा होता. जपानी तुकडीचे प्रमुख प्रोफेसर तेराओ हे होते. याशिवाय छायेच्या वाटेवर अन्यत्रही तळ पडले होते. पुलगांव येथें न्यूऑल होते. वऱ्हाडांत तळणी येथें मॉण्डर पतिपत्नी आणि एव्हरशेड होते. आणि विजयदुर्गास सर नॉर्मन लॉक्यर आरमारी खलाशांच्या मदतीनें यंत्रें मांडून बसले होते.

विजयदुर्गाचें नांव आलें, म्हणून एका प्रचलित समजुतीचा उलगडा येथें करणें उचित होईल. हेलियम या वायूचा शोध लॉक्यरनें विजयदुर्गाच्या किल्ल्यावर लावला, असें पुष्कळदां सांगण्यांत येतें. वस्तुस्थिति अशी कीं, १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणांत फ्रेंच ज्योतिषी जान्सेन यांनीं गुंटूर येथून सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. लॉक्यर त्या वेळीं इंग्लंडांत होते, आणि त्याच सालच्या ऑक्टोबरांत त्यांनीं तेथूनच, ग्रहणावांचून, त्या ज्वाळांतील पिवळ्या रेषेचा वेध घेतला. ती रेषा पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात द्रव्याची नव्हती, म्हणून सूर्याच्या ग्रीक नांवावरून त्या द्रव्यास हेलियम म्हणूं लागले. १८९५ सालीं रॅम्से यांस तो वायु पृथ्वीवरही सांपडला. लॉक्यर विजयदुर्गास आले ते त्यानंतर तीन वर्षांनीं. यामुळें विजयदुर्गाचा मोठेपणा कमी होत नाहीं. सूर्यांत प्रथम दिसलेलें द्रव्य आपल्या पायांखालींही आहे, हा विश्वास ताजा असतांनाच ही मंडळी १८९८ च्या ग्रहणास आलीं होतीं, आणि दुसरेंही एखादें नवें द्रव्य सूर्याच्या प्रभेंत दडलें असेल, अशी त्यांची अपेक्षा होती.

आतां दुसऱ्या नजरेकडे वळूं. गांवोगांवच्या लोकांस हें ग्रहण अकल्पित होतें असें समजूं नये. ग्रहण कोणत्या दिवशीं, कोणत्या प्रहरीं लागणार, हें जोशीबोवांनीं पंचांगांतून केव्हांच सांगितलें होतें. गणेश दैवज्ञांनीं शके १४४२ मध्यें ग्रहलाघव रचून ज्या आणि कोटिज्या यांच्या किचकट गणितावांचून ग्रहणाची वेळ काढण्याची सोपी रीत घालून दिली, आणि तिच्या आधारावर महाराष्ट्रांतील पंचांगें साडेतीन शतकें चाललीं. पुढें त्या गणितांत व प्रत्यक्ष आकाशांत अंतर पडूं लागलें. तेव्हां प्रोफेसर केरो लक्ष्मण छत्रे यांनीं नव्या वेधांवर आधारलेलीं कोष्टकें मराठींत तयार केलीं, आणि १८६५ पासून निराळें, दृक्प्रत्ययाचें पंचांग निघूं लागलें. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा अजोड ग्रंथ या ग्रहणाच्या दोनच वर्षें आधीं, १८९६ मध्यें, पुण्यास प्रसिद्ध झाला होता. आणि ग्रहणाच्याच सालीं दीक्षित निवर्तले. म्हणजे ग्रहणाचें गणित आपल्या लोकांच्या हातीं होतें. मराठी भाषेंत त्याचा ऊहापोहही झाला होता. स्नान, दान, वेध पाळणें, आणि ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ ही आरोळी, हें सर्व त्या गणिताच्या शेजारींच नांदत होतें. नव्हतें तें इतकेंच कीं, झांकलेल्या सूर्याकडे यंत्र लावून त्याला प्रश्न विचारावयाचा. गणित सूर्य केव्हां झांकेल हें सांगूं शकतें. सूर्य काय आहे हें मात्र त्याच्या प्रकाशासच विचारावें लागतें.

तो प्रश्न विचारावयास जेऊरास जेमतेम दोन मिनिटें मिळणार होतीं. सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारें चारशें पट, आणि त्याचें अंतरही चंद्राच्या सुमारें चारशें पट. म्हणून आपणांस दोन्ही बिंबें जवळजवळ सारखीं दिसतात, आणि चंद्र सूर्यास नेमका झांकूं शकतो. या मेळास कोणताही नियम कारण नाहीं. चंद्र दर वर्षीं दीड इंचाइतका पृथ्वीपासून दूर सरतो आहे. सुमारें साठ कोटि वर्षांनीं तो इतका लहान दिसूं लागेल कीं खग्रास सूर्यग्रहण हा प्रकारच पृथ्वीवर उरणार नाहीं. सूर्याचें रहस्य विचारणारा प्राणी आणि तें विचारण्याची ही फट, या दोहोंची गांठ एकाच काळांत पडली, ही मला स्वतःस मोठी नवलाची गोष्ट वाटते.

त्या दिवशीं आकाश निरभ्र होतें. भर दुपारीं ऊन फिकें होत गेलें आणि शेवटची प्रकाशाची कोर विझण्याच्या क्षणीं सूर्याच्या वर्णपटांतील एरवींच्या काळ्या रेषा एकाएकीं उजळून उठल्या. सूर्याच्या पृष्ठालगतच्या तप्त वायूचा हा स्वतःचा प्रकाश असतो, आणि तो कांहीं क्षणच टिकतो. तो कांचेवर उतरवून घेणें हें नायगांववाला यांच्या कामापैकीं मुख्य काम होतें. मग काळ्या चंद्रबिंबाभोंवतीं मोत्याच्या पाण्यासारखी पांढुरकी प्रभा पसरली. तिलाच सूर्याचा किरीट म्हणतात. तळणीस ॲनी मॉण्डर यांनीं एका लहानशा कॅमेऱ्यानें या किरीटाची एक शलाका टिपली. ती सूर्यबिंबाच्या व्यासाच्या कितीतरी पट लांब होती. दोन मिनिटें संपलीं, सूर्याची कोर पुन्हां चमकली, आणि सर्वत्र यंत्रांवरील झांकणें बसलीं. किनाऱ्यापासून नागपुरापर्यंत बहुतेक सर्व तळांस यश आलें. जें कोरडें आकाश शेतकऱ्याच्या मुळावर उठलें होतें, त्यानें ज्योतिर्विदांच्या पदरांत भरभरून दान टाकलें.

त्या दानाचें पुढें काय झालें? किरीटाच्या प्रकाशांत एक हिरवी रेषा दिसते. ती १८६९ सालीं अमेरिकेंतील ग्रहणांत प्रथम आढळली, आणि पुढें जवळजवळ तीस वर्षें तिचें स्थान लोखंडाच्या एका ज्ञात रेषेच्या जागीं मानण्यांत येत होतें. १८९८ च्या ग्रहणांतील छायाचित्रें मोजलीं तेव्हां ही समजूत चुकीची ठरली. रेषा लोखंडाच्या त्या जागेपासून बरीच बाजूला, ५३०३ या अंकापाशीं पडली. लोखंडाशीं असलेला तिचा संबंध तुटला, आणि ती पृथ्वीवर न सांपडलेल्या एखाद्या द्रव्याचीच असली पाहिजे, हा तर्क बळावला. त्या कल्पित द्रव्यास ‘कोरोनियम’ हें नांव होतें. हेलियमची पुनरावृत्ति होणार असें अनेकांस वाटलें.

परंतु हेलियम सांपडला तसा कोरोनियम सांपडला नाहीं. मूलद्रव्यांच्या कोष्टकांत त्याला बसावयास जागाच उरेना. १९२० मध्यें मेघनाद साहा यांनीं उष्णतेनें अणूंतील विद्युत्कण कसे सुटे होतात, याचें समीकरण मांडलें आणि ताऱ्यांच्या वर्णपटाचा अर्थ लावण्याची किल्ली जगाच्या हातीं दिली. पुढें १९३९ मध्यें जर्मनींतील ग्रोट्रियान यांनीं किरीटांतील रेषांचा खरा माग काढला, आणि १९४१–४२ च्या सुमारास स्वीडनचे एड्लेन यांनीं निर्णय दिला कीं, ती हिरवी रेषा लोखंडाचीच आहे! मात्र तें आपल्या ओळखीचें लोखंड नव्हे. लोखंडाच्या अणूंत सव्वीस विद्युत्कण असतात. किरीटांतील लोखंडानें त्यांपैकीं तेरा, म्हणजे बरोबर निम्मे, गमावलेले असतात. असें होण्यास वीस लक्ष अंशांच्या आसपास उष्णता लागते. सूर्याचें पृष्ठ तर साडेपांच हजार अंशांचें. विस्तवापासून दूर जावें आणि अधिक भाजावें, असें हें कोडें आहे. आणि त्याची उकल अद्यापि पुरती झालेली नाहीं.

पुण्याच्या वेधशाळेचें आयुष्य फार झालें नाहीं. १९१२ मध्यें नायगांववाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली, आणि तिची मोठी दुर्बीण दक्षिणेंत कोडाईकनाल येथें गेली. कॅम्बेल यांनीं १९२२ मध्यें ऑस्ट्रेलियांतील वॉलल येथें दुसरें ग्रहण गांठलें, आणि सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश आइन्स्टाइन यांनीं सांगितल्याइतकाच वांकतो, हें निश्चित केलें. जेऊरच्या माळावर हात बसलेली विद्या चोवीस वर्षांनीं विश्वाच्या घडणीचा एक निवाडा देण्याच्या कामीं आली. कोडाईकनालच्या वेधशाळेची परंपरा पुढें बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेकडे आली. आणि २ सप्टेंबर २०२३ रोजीं आकाशांत सोडलेल्या ‘आदित्य’ यानावरील किरीटदर्शक यंत्र याच संस्थेनें घडविलें. पृथ्वीपासून पंधरा लक्ष किलोमीटरांवर राहून तें यंत्र आपल्या आंतील चकतीनें सूर्यबिंब झांकतें आणि ग्रहणाची वाट न पाहतां किरीट न्याहाळतें. ज्या प्रकाशाकडे तें मुद्दाम लक्ष ठेवतें त्यांत ५३०३ ची हिरवी रेषा आहे. त्याच यानावरील सूर्याचीं अतिनील छायाचित्रें घेणारी दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेनें तयार केली आहे.

आतां श्रोत्यांपैकीं एखादा रोखठोक मनुष्य मला विचारील कीं, माणसें सांथीनें मरत असतां आणि दुष्काळाच्या झळा ताज्या असतां सूर्याच्या प्रभेचीं चित्रें काढीत बसणें शोभलें काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला टाळतां येत नाहीं. ज्या सरकारास वेधशाळेपुरते पैसे सांपडत, त्यास शेतकऱ्याच्या साऱ्यांत सूट देणें जड जाई, हें खरेंच आहे. पण त्याचा दोष दुर्बिणीच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. जेऊरास दुर्बिणी आल्या नसत्या, तर त्या पैशानें दौंड–शिरूरच्या एकाही घरांत भाकरी गेली नसती. आणि हेलियमचें उदाहरण पाहा. सूर्यांत दिसलेल्या एका पिवळ्या रेषेचा मनुष्यास काय उपयोग, असें १८६८ मध्यें कोणीही विचारलें असतें. आज रोग्याच्या शरीरांतील चित्र घेणाऱ्या मोठ्या इस्पितळांतील चुंबकयंत्रांस थंड ठेवण्यास हाच वायु द्रवरूपानें लागतो.

तथापि केवळ उपयोगावर भिस्त ठेवून मी हें उत्तर पुरें करूं इच्छीत नाहीं. त्या हिरव्या रेषेचाच विचार करूं. लोखंड हें ताऱ्यांच्या पोटांत आणि ताऱ्यांच्या स्फोटांत घडतें, ही उपपत्ति १९५७ मध्यें फ्रेड हॉइल, बर्बिज पतिपत्नी आणि फाउलर यांनीं विस्तारानें मांडली. सूर्य आणि पृथ्वी जन्मास येण्यापूर्वीं जे तारे जळून गेले, त्यांची राख सूर्यांतही आली आणि पृथ्वींतही आली. तेव्हां १८९८ च्या त्या दुपारीं जें लोखंड किरीटांत हिरव्या रंगानें चमकलें, त्याच लोखंडाचा हातोडा घेऊन वर्षभरापूर्वीं भीमथडीचा मनुष्य दुष्काळी कामावर खडी फोडीत होता. आणि तेंच लोखंड त्याच्या रक्तांत, उपासमारीनें उणें पडलेलें, वाहत होतें. हें कळल्यानें त्याची भूक भागली नसती. पण तो मनुष्य या विश्वांत उपरा नाहीं, त्याचें शरीर आणि सूर्य हे एकाच मालाचे आहेत, ही गोष्ट त्यास सांगण्याजोगी खास होती. ती तेव्हां कोणासच ठाऊक नव्हती, म्हणून कोणी सांगितली नाहीं. आतां ती ठाऊक आहे.

विश्वाच्या पसाऱ्यापुढें मनुष्य कस्पटासमान आहे, असें म्हणण्याची एक रूढि पडली आहे. अंतरें आणि काळ मोजूं गेल्यास तें खोटें नाहीं. मात्र ज्यानें दोन मिनिटांच्या अवधींत सूर्यापासून एक रेषा हिसकावून घेतली, ती जपून ठेवली, पुढील पिढीच्या हातीं दिली, आणि चव्वेचाळीस वर्षांनीं तिचा अर्थ लावला, त्या प्राण्याचें माप केवळ अंतरांनीं घेणें अपुरें आहे. हें काम एका माणसाचें नाहीं आणि एका राष्ट्राचेंही नाहीं. त्यांत अमेरिकन, पारशी, जपानी, इंग्रज, बंगाली, जर्मन, स्वीडिश अशा सर्वांचे हात लागले आहेत.

एक उणीव मात्र मला सलते. नायगांववाला यांनीं जेऊरच्या वेधांचा वृत्तांत १९०२ मध्यें छापून प्रसिद्ध केला, तो इंग्रजींत. ज्यांच्या माळावर तंबू पडले, ज्यांच्या डोक्यावर भर दुपारीं रात्र झाली, त्या लोकांच्या भाषेंत त्यांतील कांहींच उतरलें नाहीं. छत्रे आणि दीक्षित यांनीं मराठींत ज्योतिष आणण्याची जी वाट पाडली होती, ती या नव्या ज्योतिषापर्यंत येऊन पोंचण्यास फार वेळ लागला. १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणांत आपल्याकडील शहरांचे रस्ते भीतीनें ओस पडले, हें त्या उणिवेचेंच फळ होय. हॉइल यांचे शिष्य आणि कोल्हापुरास जन्मलेले डॉक्टर जयंत नारळीकर यांनीं केंब्रिज, मुंबई व पुणें येथें विश्वरचनेचें संशोधन करीत असतांना मराठींत कथा, लेख आणि व्याख्यानें यांच्या द्वारें ती वाट पुन्हां चालती केली. २० मे २०२५ रोजीं ते निवर्तले, तेव्हां त्यांच्या सिद्धांतांचें गणित ज्यांस कधींच समजलें नसतें अशा असंख्य घरांत हळहळ वाटली, ती याच कारणानें.

शिरूरच्या शेजारीं जुन्नर तालुक्यांत, खोडद येथें, प्रोफेसर गोविंद स्वरूप यांच्या प्रयत्नानें उभारलेल्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आज आकाशांतून येणारे रेडिओ तरंग झेलीत आहेत. त्यांना ढगांची अडचण होत नाहीं. पाऊस पडला तरी शेतकऱ्याचें आणि ज्योतिर्विदाचें काम एकाच वेळीं चालूं शकतें, इतपत सलोखा शास्त्रानें घडवून आणला आहे. त्या तबकड्यांच्या आसपास कांदा काढणाऱ्या माणसास त्यांत काय ऐकूं येतें, हें त्याच्या भाषेंत सांगणें हें आम्हां ज्योतिर्विदांकडे जेऊरपासून राहिलेलें देणें आहे. आजच्या भाषणानें त्यांतील अल्पसा भाग फिटला असेल, तर मी तें माझें भाग्य समजेन.